आमचाच मानूस

धर्मा नाथा भोईरच्या लाइट बिलावर किती संसार उभे राहिले, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. वयाने एकसष्टीला आलेला माणूस, पण भाईंदरजवळच्या राई गावात लहानथोर सगळे त्याला धर्माच म्हणत, म्हणून आपणही तसंच म्हणू. खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचं घर आणि घराला लागून चार खोल्या. खोल्यांत भाडेकरू. कोणी रत्नागिरीकडचा, कोणी रायगडचा. कोणी वॉचमन, कोणी रंगारी, कोणी कारखान्यात. माणूस गावाहून बायकोला घेऊन आला की त्याला आधी गॅस लागतो, मग रेशनकार्ड, मग पोरांची शाळा, आणि प्रत्येक खिडकीमागचा माणूस विचारतो, पत्त्याचा पुरावा काय? इतर घरमालक अशा वेळी कानावर हात ठेवत. पुढेमागे भाडेकरू खोलीच बळकावून बसला तर, ही त्यांची भीती, आणि ती काही अगदीच खोटी नव्हती. धर्मा मात्र चष्मा लावायचा, बिलाची झेरॉक्स पुढ्यात ओढायचा आणि चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात, एकेक काना-मात्रा तोलून, तिच्यावर सही करायचा. सही पुरी व्हायला इतका वेळ लागे की तेवढ्यात समोरच्याचा चहा पिऊन होई.

"एक दीस त्या बिलासंगं मना पन देऊन टाकशील कोनाला," असं त्याची बायको शांती म्हणे.

बिलाच्या जोडीला फोन होता. दाराच्या आत, स्टुलावर, शांतीने विणलेल्या रुमालाखाली झाकलेली लँडलाइन. शाळेतून, गॅसवाल्याकडून, कधी एखाद्या मुलीच्या बापाकडून फोन येई. अमका तुमच्याकडे राहतो का, माणूस कसा आहे? धर्माचं उत्तर ठरलेलं. "हाय ना. आमचाच मानूस हाय." एवढं बोलला की समोरच्याचं समाधान होई. या एका वाक्यावर त्याच्या दोन भाडेकरूंची लग्नं जमली होती आणि दोन्ही संसार नीट चालले होते. म्हणजे वाक्य खोटं नव्हतं. ज्याला आपण घरात बसवून पाणी दिलं, ज्याचं गाव विचारलं, जो आपल्या नळावर भांडी घासतो तो आपला, अशी त्याची साधी समजूत होती. तीस वर्षांत तिला तडा गेला नव्हता.

तरुणपणी तो मिठागरात होता. मूठभर मीठ तळहातावर चोळून ते किती ओलं आहे आणि त्यात तळाची माती किती आली आहे, हे तो डोळे मिटून सांगे. माणूस मात्र त्याने कधी चोळून पाहिला नाही.

२००७ च्या दिवाळीनंतर शेवटची खोली रिकामी झाली आणि निकेत आला. तिशीच्या आतला, इस्त्रीचा शर्ट घातलेला, चपला पायरीखाली काढून आत येणारा. आईचं माहेर रायगडातलं, असं म्हणाला. शांतीच्या पाया पडला. तिचे गुडघे दुखतात हे कळल्यावर चार दिवसांनी कसलंसं तेल घेऊन आला. खोली त्याला राहायला नको होती, ऑफिसला हवी होती. एक टेबल, एक कॉम्प्युटर, दोन मोबाइल आणि दिवसभर लोटलेलं दार. "कॉम्प्युटरवरचं दुकान आहे, काका," त्याने समजावलं. "गिऱ्हाईक घरबसल्या वस्तू बघतं, बँकेत पैसे भरतं, आम्ही माल पाठवतो. गोदाम दुसरीकडे आहे." धर्माला त्यातलं फारसं काही कळलं नाही, पण पोरगा कष्टाळू वाटला.

त्याने बिल मागितलं, सही झाली. खोलीत ऑफिस चालवायला मालकाची हरकत नाही असं पत्र मागितलं, त्यावरही झाली. एका सकाळी म्हणाला, "काका, पांढरा शर्ट घाला ना, तुमचा एक फोटो काढतो." शांतीने शर्टाला इस्त्री केली. धर्मा ओटीच्या खांबाला टेकून उभा राहिला. हसू नका म्हटल्यावर त्याला जास्तच हसू आलं आणि फोटो फार छान निघाला.

मग एका दुपारी निकेत ओटीवर चहा पीत असताना फोन वाजला. दुसऱ्या भाडेकरूच्या मुलीच्या शाळेतून विचारणा होती. धर्माने आपलं वाक्य म्हटलं आणि फोन ठेवला. निकेतने कप खाली ठेवला. "काका, तुमच्या शब्दाला केवढं वजन आहे हो," तो म्हणाला. "माझीही गिऱ्हाइकं नवीन असतात, जरा घाबरतात. त्यांचा फोन आला तर एवढंच बोला ना." यात वावगं काय, असं धर्माला वाटलं. खरं सांगायचं तर तो सुखावला. मला विचाराल तर चोरी झाली ती त्या दुपारी, त्या चहाच्या वेळी. पुढचं सगळं नुसतं सामान हलवणं होतं.

आठवड्याला दोन-तीन फोन यायला लागले. कधी पुण्याचे, कधी जळगावचे, एकदा तर थेट गोव्याहून. निकेतसाहेबांचं दुकान तुमच्याकडेच ना? "हाय ना. आमचाच मानूस हाय." जेवता जेवता उठून, हात धुवून तो फोन घ्यायचा. पोराच्या धंद्याला आपला हातभार, असं त्याला वाटे.

फेब्रुवारीच्या शेवटी निकेत आईला बरं नाही म्हणून गावी गेला. टेबल ठेवून गेला, कॉम्प्युटर घेऊन गेला. दुरुस्तीला नेला असेल, असं धर्माने स्वतःच ठरवून टाकलं.

होळीला दोन दिवस होते. सकाळी दहाच्या सुमारास एक बाई विचारत विचारत दारापर्यंत आली. पस्तिशीची असेल. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात घडी घातलेले दोन छापील कागद.

"भोईर शेठ इथंच ऱ्हातात काय?"

"शेठ कोन न्हाय इथं. मी धर्मा. काय काम हाय, बाय?"

ती मान थोडी कलती करून नुसती ऐकत राहिली, जणू तो अजून काहीतरी बोलेल. मग पिशवी छातीशी धरून हळूच पायरीवर बसली.

"हाच आवाज," ती म्हणाली. "तुम्हीच बोलला व्हता फोनवर."

तिचं नाव शालू. माणगावपासून बरंच आत, डोंगराच्या बाजूला तिचं गाव. ती अंगणवाडीत मदतनीस, नवरा राघो रंगकाम करणारा. मुलगी मनाली, तिला जन्मापासून फार कमी ऐकू येई. चौथीपर्यंत गुरुजींनी तिला पुढ्यात बसवून, ओठ दाखवत दाखवत शिकवलं. जूनपासून पाचवी, म्हणजे हायस्कूल, साठ मुलांचा वर्ग. कानाचं मशीन असल्याशिवाय तिथे पोरीचा निभाव लागणार नाही, हे गुरुजींनीच सांगितलं होतं. मशीनची बाजारातली किंमत शालूच्या आवाक्याबाहेरची. माणगावच्या कॉम्प्युटर क्लासच्या बाईंनी तिला निकेतचं दुकान दाखवलं. तेच मशीन, अर्ध्या किमतीत, फक्त याच आठवड्यापुरतं. राघो म्हणाला, आधी चौकशी कर. तिने एसटीडी बूथवर जाऊन चौकशी केली.

"मी इचारलं, बाबा, दुकान खरं हाय ना? माझ्या पोरीच्या कानाचं मशीन मागवायचं हाय. तुम्ही म्हणालात, घाबरू नको गो बाय, आमचाच मानूस हाय. मी म्हटलं, तुमच्या तोंडात साखर पडो. आणि दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन पैसं भरलं. मशीन काय आलंच नाय."

तेव्हा धर्माला आठवलं. बाकीचे फोन एकमेकांत मिसळून गेले होते, पण असा आशीर्वाद देऊन फोन ठेवणारी बाई एकच होती. त्या दिवशी त्याने शांतीला ते हसत हसत सांगितलंही होतं.

दारात आलेल्या माणसाला पाणी विचारायचं तो तीस वर्षांत विसरला नव्हता. त्या दिवशी विसरला. शांतीनेच तांब्या आणून शालूपुढे ठेवला.

मुलगा भावेश भाईंदर पूर्वेला औषधाच्या दुकानात कामाला होता. शांतीने फोन केला तसा तो दुपारीच घरी आला. शालूचे कागद, दुकानाच्या पानाची छापील प्रत आणि बँकेची पावती, त्याने वाचले आणि बापाला स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत घेऊन गेला.

पडद्यावर धर्मा होता. पांढरा शर्ट, ओटीचा खांब, ओठांवर दाबलेलं हसू. खाली लिहिलेलं भावेशने वाचून दाखवलं. 'आमचे संस्थापक श्री. धर्माशेठ भोईर. १९६८ पासून विश्वासाचं नाव.' १९६८ साली धर्मा मिठागरात फावड्याने चिखल ओढत होता. पत्ता त्याचाच. नंबर त्याच्याच स्टुलावरचा.

"बघ ना बाबा," भावेश म्हणाला, "मोबाइल हाय, कॅमेरा हाय, शिलाई मशीन हाय, कानाचा मशीन पन हाय. सगलाच अर्ध्या भावात. असा दुकान कधी बघितलाय काय? माल बघून पैसे देतो बोललास तर चालत न्हाय, आधीच बँकेत भरायचे. ते पन दुकानाच्या नावानं न्हाय, त्याच्या एकट्याच्या नावानं. आनी हे बघ, 'आज शेवटचा दिवस'. काल पन हेच लिहिलेलं असनार, उद्या पन."

नीट बघणाऱ्याला सगळं दिसण्यासारखं होतं. क्लासच्या बाईंनीही ते बघायला हवं होतं. पण शालूने जे आपल्या हातात होतं ते केलं होतं. थांबली होती, विचारलं होतं. तिचा संशय मिटवला तो या फोटोने नव्हे की अर्ध्या भावानेही नव्हे. मिटवला तो फोनवरच्या आवाजाने, आणि रिक्षातून परत येताना हे दोघांनाही कळत होतं.

संध्याकाळी शेजारचा काशीनाथ आला. नात्याने चुलतभाऊ, आणि कोर्टकचेरीतलं थोडंफार कळणारा गावातला एकच माणूस.

"तू काय बोलू नको," त्याने सांगितलं. "खोली भाड्यानं दिली, बिल दिला, एवढाच सांग. फोनचा नाव काढू नको. फोनवर कोन बोलला याचा पुरावा हाय काय कोनाकडं? सांगशील तर तुलाच आत घेतील, त्याचा जोडीदार म्हनून."

"काका बरोबर बोलतो, बाबा," भावेश म्हणाला. "ती बाई एकटी हाय. तिच्या बोलन्याला कोन विचारतो?"

सल्ला शहाणपणाचा होता. वाईट याचंच वाटतं, की तो शहाणपणाचा होता. धर्मा घाबरलेला होता हेही लपवण्यात अर्थ नाही. चौकीची पायरी तो जन्मात चढला नव्हता. बापाचं नाव लावून सही करणारा माणूस, तेच नाव उद्या पोलिसांच्या कागदावर आरोपीच्या रकान्यात बसलं तर, हा विचार त्याला सोडत नव्हता. ओटीवर शांतीने शालूला अंथरूण घालून दिलं होतं. एवढ्या उशिरा ती माणगावला परत जाणार कशी? मधे नुसती भिंत. तिला सगळं ऐकू जात होतं.

"माझ्याच तोंडानं त्या पोरीचा मशीन गेला," धर्मा म्हणाला. "आता तोंड बंद ठेवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शालूबरोबर चौकीत गेला. साहेबांनी शालूचं ऐकून घेतलं, मग त्याला विचारलं, तुमचं काय म्हणणं? धर्मा म्हणाला, फोनवर मीच बोललो. साहेबांनी लिहिणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. विचार करून बोला, म्हणाले. हे लिहून दिलंत तर तुम्हाला पुन्हा पुन्हा बोलावणं येईल. धर्माने चष्मा लावला, कागद पुढ्यात ओढला. एकेक काना-मात्रा तोलून लिहिलं आणि खाली सही केली. साहेबांचा चहा तेवढ्यात पिऊन झाला.

बोलावणं आलंच. त्या वर्षात चार वेळा चौकी, दोनदा बँक. निकेत हे नाव खोटं निघालं, आईचं माहेरही खोटं निघालं, बँकेतलं खातं केव्हाच रिकामं झालं होतं. तो माणूस कधीच सापडला नाही. धर्माला आत मात्र कोणी घेतलं नाही; काशीनाथची भीती तेवढी खोटी ठरली. पण गावाचं तोंड कोण धरणार? धर्माने त्यात हिस्सा घेतला असेल, नाहीतर कोण कशाला एवढं करील, असं पारावर बोललं गेलं. दोघातिघांनी रामराम सोडला. एका भाडेकरूने गॅससाठी बिल मागायचं तेही दुसऱ्या घरमालकाकडे मागितलं. हे धर्माला चौकीपेक्षा जास्त लागलं, आणि त्याने ते शांतीलाही सांगितलं नाही.

चौकीचं काम आटोपून शालू गावी परत निघाली तेव्हाच भावेशने एक गोष्ट शोधून काढली होती. मुंबईत एका धर्मादाय इस्पितळात लहान मुलांना कानाची मशिनं ट्रस्टमधून देतात. पण तपासणी, मग कानाचा साचा, मग नंबर लागेपर्यंत दर आठवड्याला फेरी. माणगावच्या आतल्या गावाहून ते जमणं शक्य नव्हतं. शांती म्हणाली, शेवटची खोली रिकामीच आहे.

"मला उपकार नकोत तुमचे," शालू म्हणाली.

"उपकार न्हाय गो," शांती म्हणाली. "खोलीला माझ्यानं झाडू पन मारवत न्हाय. तू राहिलीस तर दार तरी उघडंल."

एप्रिलमध्ये राघोला कामासाठी गावीच ठेवून ती मनालीला घेऊन आली. टेबल बाहेर काढलं, चूल मांडली. पहिल्याच दिवशी तिने धर्माला सांगून टाकलं, "मी तुम्हाला माफ केलं म्हणून नाय आले. पोरीसाठी आले." धर्माने मान हलवली. बाईचं त्यात काही चुकत नव्हतं.

मनाली हुशार होती. समोरच्याचे ओठ बघून ती बरंचसं समजून घ्यायची. शांतीचं तर आठ दिवसांत सगळं कळायला लागलं. धर्माचं मात्र तिला काहीच कळेना. त्याच्या मिशा अशा घनदाट की खाली ओठ हलतात की नाही तेही दिसू नये. तो बोलला की ती थोडा वेळ बघे, कंटाळे आणि निघून जाई. शांती म्हणाली, मिशा काप. धर्मा हो म्हणायचा आणि कापायचा नाही. ज्या आवाजाने हिच्या आईला फसवलं, तो आवाज हिने अजून ऐकलेला नाही, याचं त्याला मनातून बरं वाटत असावं. तो तिला खाडीवर न्यायचा, खेकड्याची बिळं दाखवायचा, आणि दोघांचं सगळं बोलणं हातांनी चालायचं.

इकडे फोन वाजतच होता. ते दुकान बंद झालं होतं, पण तोच फोटो आणि तोच नंबर लावलेली आणखी दोन दुकानं वेगळ्या नावांनी निघाली होती. म्हातारा अजून तेच वाक्य म्हणत असेल, अशी निकेतची खात्री असावी. भावेश वैतागला. "लाइन कापून टाकू बाबा. किती जनांना तोंड देनार तू?"

"कापली तर त्यांना सांगंल कोन?" धर्मा म्हणाला. "ते फोन करतात म्हंजे अजून पैसं भरलं न्हाय."

त्याने स्टूल ओढून दाराजवळ घेतलं आणि बाजारात, देवळात, कुठे जायचं झालं तर शांतीला फोनपाशी बसवून जाऊ लागला. पहिल्या खेपेला 'न्हाय' म्हणताना त्याची जीभ अडखळली. तीस वर्षांची सवय होती. मग ती वळायला लागली.

"न्हाय, तो आमचा मानूस न्हाय. चोर हाय. माझा फोटो हाय तिथं, पन दुकान माझा न्हाय. पैसं भरू नको." समोरचा गोंधळायचा. मग धर्मा त्याला समजावायचा, मिठाची पारख सांगावी तसं. "पैसं कोनाच्या नावानं भरायला सांगतो, ते बघ. मानसाच्या नावानं असल तर सोड. माल हातात पडल्यावर पैसं देतो, असा बोलून बघ, पलंल तो. बाजारात जो भाव न्हाय तो याला परवडतो कसा, इचार स्वतःला. घाई करतोय काय? मग तर दोन दीस थांबच. आनी एक ध्यानात ठेव, त्यानं दिलेल्या नंबरावर त्याची चौकशी करायची न्हाय. त्या गावात तुझ्या वलखीचा कोन असल त्याला धाड, दुकान डोल्यानं बघून येऊ दे. आता मना फोन केलास तसा पन करू नको. मी कोन, हे तुला काय ठाव?"

काही जण आभार मानत. काही जणांना वाटे, म्हातारा दुसऱ्या दुकानाचा माणूस आहे आणि धंदा मोडतोय. ते शिव्या देत. एकदा नाशिकहून एक माणूस बोलला, त्याने पैसे भरून तीन दिवस झाले होते. धर्माने त्याला सांगितलं, आत्ताच्या आत्ता बँकेत जा, पावती दाखव, मग चौकीत जा, एकही कागद फेकू नको. फोन ठेवल्यावर अर्ध्यावर सोडलेल्या ताटाकडे तो परत गेला नाही आणि त्या दिवशी जेवलाच नाही.

शालू हे खोलीच्या दारातून बघायची.

जून आला आणि गेला. गावाकडच्या हायस्कूलच्या हेडमास्तरांनी मनालीचं नाव घालून ठेवलं होतं, पण इस्पितळात नंबर काही लागेना. ते दोन महिने तिचे गेलेच. ते कोणी भरून देणार नव्हतं. श्रावण संपत आला तेव्हा इस्पितळातून निरोप आला.

त्या दिवशी दुपारी मायलेकी परत आल्या तेव्हा घरातले सगळे ओटीवर होते. मनालीच्या कानामागे शेंगदाण्याएवढं मशीन बसवलेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गलका करू नका, एकेकाने बोला, हळू बोला. शांतीने हाक मारली, "मनाली." पोरगी पाठमोरी होती, ती वळली. शांतीने पदर तोंडाला लावला. भावेशने चुटकी वाजवली, ती हसली.

धर्मा मागे भिंतीशी उभा होता. काय बोलायचं ते त्याने किती तरी दिवस आधी ठरवून ठेवलं होतं. आधी नाव घ्यायचं, मग विचारायचं, खाडीवर येतेस काय? खाडीच्या बांधावर एकट्याने त्याने ते म्हणूनही पाहिलं होतं. शांतीने त्याला पुढे ढकललं. तो दोन पावलं आला, घसा खाकरला, मनालीने मान वर करून त्याच्या मिशांकडे पाहिलं.

आणि फोन वाजला.

सगळ्यांच्या आधी ती दचकली. गर्रकन वळून तिने स्टुलाकडे बघितलं. चार महिने तिने ती विणलेल्या रुमालाखालची वस्तू पाहिली होती, आजोबा हातातला घास टाकून तिकडे का धावतात हे तिला कधी कळलं नव्हतं. आता ती वस्तू ओरडत होती. धर्मा जागचा हलला नाही. आज नको, असं त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. फोन वाजत राहिला.

"उचला, बाबा," शालू म्हणाली. पायरीवर बसली त्या दिवसापासून तिने त्याला कशानेच हाक मारली नव्हती.

त्याने उचलला. मनाली त्याच्यामागोमाग जाऊन स्टुलापाशी उभी राहिली, अगदी जवळ. पलीकडून कोणीतरी दुकानाचं नाव घेतलं आणि विचारलं, माणूस खात्रीचा आहे ना?

"न्हाय," धर्मा म्हणाला. "न्हाय. तो आमचा मानूस न्हाय. पैसं भरू नको." आवाज जरा मोठाच लागला. पुढचं सगळं त्याने सांगितलं, एकही गोष्ट न गाळता, आणि फोन ठेवला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. एवढं ठरवून ठेवलेलं राहूनच गेलं.

मनाली त्याच्याकडे बघत होती. मग आईकडे वळून, नवीन शब्द आला की ती जशी म्हणून बघे तशी, बोबड्या जिभेने तिने विचारलं, "न्हाय?"

"हां," शालू म्हणाली. "न्हाय म्हणाले ते. मी पण ऐकलं."